सुटकेचा खर्च कोणाच्या माथी?

११ नोव्हेंबर २०१९, सोमवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास हैदराबादच्या काचीगुडा स्थानकाच्या आवारात लिंगमपल्लीहून फलकनुमाकडे निघालेली एमएमटीएस लोकल आणि कर्नूलहून सिकंदराबादकडे चाललेली हुंद्री एक्सप्रेस समोरासमोर आल्या आणि एकमेकींवर आदळल्या. दोन्ही गाड्यांचा वेग कमी होता म्हणून अनर्थ टळला. सोळा-सतरा प्रवासी जखमी झाले. पण लोकलच्या पुढच्या केबिनचा चुराडा झाला आणि तिचा लोकोपायलट त्या लोखंडात कमरेखाली अडकून पडला.

पुढचे जवळजवळ आठ तास काचीगुड्यात जे घडलं, ते आपल्या सार्वजनिक यंत्रणांचं उत्तम रूप होतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले. बृहन्हैदराबाद महानगरपालिकेचं आपत्ती प्रतिसाद पथक आलं. तेलंगणाचं अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका आणि रेल्वेचे डॉक्टर आले. अडकलेल्या माणसाला तिथल्या तिथे प्राणवायू आणि सलाइन लावून, त्याच्याशी बोलत राहून, आजूबाजूचा पत्रा इंच-इंच कापत त्याला संध्याकाळी बाहेर काढलं. पाच दिवसांनी रुग्णालयात त्याचं निधन झालं. सिग्नल नसताना लोकल पुढे निघाली, असा प्राथमिक निष्कर्ष तेव्हा समोर आला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी लागली.

नुकसानभरपाई, चौकशी, सिग्नल यंत्रणा यांवर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. चर्चेत एक गोष्ट मात्र आलीच नाही. त्या आठ तासांत महापालिकेनं आणि राज्यानं किती माणसं, किती यंत्रं, किती इंधन वापरलं आणि तो खर्च अखेर कोणाच्या खात्यात पडला? तो पडला हैदराबादच्या करदात्यांच्या खात्यात. संकट कोणाच्या तरी चुकीतून उभं राहतं तेव्हा ते निस्तरण्याचा खर्च त्या चूक करणाऱ्याकडून वसूल करावा की नाही, हा या लेखाचा विषय आहे. माझं मत आधीच सांगतो. सुटका विनामूल्यच असावी, आणि तिचा हिशेब मात्र काटेकोर असावा.

स्थानक केंद्राचं, पथक शहराचं

नांदेड, परभणी, जालन्याच्या माणसाला काचीगुडा हे नाव नवं नाही. मराठवाडा निझामाच्या राज्यात होता तेव्हा गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेज रेल्वेनं हा प्रदेश राजधानीशी जोडला, आणि काचीगुडा हे तिचं हैदराबादमधलं ठाणं झालं. घुमट-कमानींची आजची देखणी इमारत १९१६ची. शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी आणि दवाखान्यासाठी मराठवाड्यातून निघालेल्या कित्येक पिढ्या इथे उतरल्या. बरकतपुरा, बडी चावडी, सुलतान बाजार या परिसरात आजही मराठी कानावर पडतं.

हे स्थानक केंद्र सरकारची मालमत्ता आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५नुसार केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा महापालिकेला सहसा कर लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ साली तोडगा निघाला. केंद्रीय मालमत्तांनी मालमत्ता कर नव्हे, तर 'सेवा शुल्क' द्यावं असं ठरलं. पालिकेच्या सेवा पूर्णपणे वापरणाऱ्यांसाठी ते मालमत्ता कराच्या ७५ टक्के, अंशतः वापरणाऱ्यांसाठी ५० टक्के आणि सेवा न घेणाऱ्यांसाठी एक-तृतीयांश. या सूत्रामागे पाणी, गटारं, रस्ते, दिवे अशा रोजच्या सेवा आहेत. अपघाताच्या दिवशी आठ तास पोलाद कापणाऱ्या पथकाची नोंद त्यात कुठेच नाही.

रेल्वे अधिनियम १९८९चं कलम १२४ प्रवाशांपुरतं स्पष्ट आहे. अपघातात दोष कोणाचाही असो, रेल्वेनं भरपाई द्यायची. मृत्यूसाठीची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख झाली. कामावरचा रेल्वे कर्मचारीही या कलमापुरता 'प्रवासी' धरला जातो. कायद्यानं पीडितांचा विचार केला, हे चांगलंच झालं. मात्र त्यांना बाहेर काढणारी महापालिका या कलमात दावेदार म्हणून उभी राहू शकत नाही. तिला बोलावलं जातं, ती येते, काम करते आणि परत जाते.

फ्लॅगस्टाफचा धडा

असाच पेच अमेरिकेत चार दशकांपूर्वी न्यायालयात गेला होता, आणि तिथेही एका बाजूला रेल्वेच होती. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ शहरात द्रवरूप पेट्रोलियम वायूचे टँकर-डबे रुळांवरून घसरले. स्फोटाची भीती असल्यानं शहरानं आसपासची वस्ती खाली केली, पोलीस आणि अग्निशमन दल कामाला लावलं. धोका टळल्यावर शहरानं हा खर्च रेल्वे कंपनीकडे मागितला. १९८३ साली संघीय अपील न्यायालयानं मागणी फेटाळली. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी हा निकाल लिहिला. आग किंवा अपघातापासून संरक्षण ही सेवा सर्व समाजाच्या खर्चानं चालते, कायदेमंडळानं तशी तरतूद केल्याशिवाय न्यायालय तिचा भार दोषी व्यक्तीवर टाकणार नाही, असा त्याचा आशय होता.

या निकालात एक नैतिक जाण आहे, ती मला मोलाची वाटते. अग्निशमन दल बोलावताना कोणाच्याही मनात पैशाचा विचार येऊ नये. पण निकालानं एक दारही उघडं ठेवलं. तरतूद करायची असेल तर ती कायदेमंडळानं करावी. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनालच्या विषारी कचऱ्यानं देश हादरल्यावर अमेरिकेनं १९८० सालीच घातक रसायनांपुरता असा कायदा केला होता. ज्याच्यामुळे विष पसरलं, सफाईचा खर्च त्याच्यावर. स्थानिक संस्थांना आणीबाणीच्या कामासाठी एका घटनेमागे २५,००० डॉलरपर्यंत परतफेड मिळण्याची सोयही त्यात पुढे झाली. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन या छोट्या गावात रसायनं वाहणारी मालगाडी घसरली, तेव्हा याचा अर्थ लोकांना कळला. संबंधित रेल्वे कंपनीनं संघीय सरकारशी ३१ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा समझोता केला. गावाशी २.२ कोटी डॉलरचा स्वतंत्र समझोता २०२५च्या जानेवारीत जाहीर झाला. हिशेब मांडणारं आणि मागणारं गाव असेल तर मोठ्या कंपनीलाही टेबलापाशी बसावं लागतं.

आपल्याकडे कायदा आहे

भारतात असं काही नाही, असा समज पालिका कार्यालयांतही आढळतो. तो चुकीचा आहे.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६चं कलम ९ पाहा. एखाद्या अपघातामुळे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषक बाहेर पडले, किंवा पडण्याची भीती असली, तर जबाबदार व्यक्तीनं ते रोखावं आणि अधिकाऱ्यांना कळवावं. कळल्यावर अधिकाऱ्यांनी उपाययोजना करावी. आणि त्या उपायांवर झालेला खर्च, मागणी केल्याच्या तारखेपासूनच्या व्याजासह, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकरी घरांतल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. नोटीस, जप्ती, लिलाव हा सगळा रस्ता त्यात आला. भोपाळनंतर दोनच वर्षांत झालेल्या कायद्यातली ही ताकद आहे.

दुसरी तरतूद राष्ट्रीय हरित लवाद अधिनियम २०१०ची. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईच्या बाबी मोजून दिल्या आहेत. मृत्यू, अपंगत्व, बुडालेली मजुरी, औषधोपचार यांच्याबरोबरच सरकारनं किंवा स्थानिक प्राधिकरणानं पीडितांना मदत, साहाय्य आणि पुनर्वसन देण्यासाठी केलेला खर्च तिथे स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे गॅसगळतीनंतर नगरपालिकेनं शाळेत छावणी उघडली, लोकांना जेवू घातलं, तर तो खर्च लवादासमोर मागता येतो. अर्ज मात्र घटनेपासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

तिसरी ताकद तर पालिकांच्या रोजच्या वापरातली. मुंबई महापालिका अधिनियम १८८८ असो की हैदराबादचा १९५५चा, मालकानं आपली धोकादायक इमारत दुरुस्त केली किंवा उतरवली नाही तर पालिका ते काम स्वतः करून खर्च मालकाकडून घेऊ शकते. इमारत पडण्याआधी चालणारं हे तत्त्व ती पडल्यानंतर, ढिगारा उपसताना, आपण विसरतो.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही जुनी आणि ठाम आहे. दिल्लीत डिसेंबर १९८५मध्ये ओलियम वायूची गळती झाल्यावर, धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते, हे न्यायालयानं सांगितलं. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक गाळानं लाल झाल्या, त्या प्रकरणात १९९६ साली 'प्रदूषण करणाऱ्यानं किंमत मोजावी' हे तत्त्व लावलं. त्याच गावाच्या शुद्धीकरणाचे ३७ कोटींहून अधिक रुपये चक्रवाढ व्याजासह द्यायचा आदेश मात्र २०११ साली पुन्हा द्यावा लागला. तत्त्व मान्य होण्यापासून पैसा मिळण्यापर्यंतची वाट इतकी लांब असते.

आग विझते, फाइल बंद होते

मग अडतं कुठे? हैदराबाद आणि परिसरातल्या अलीकडच्या दुर्घटना एकापाठोपाठ ठेवून पाहिल्या की उत्तर दिसू लागतं. मार्च २०२२मध्ये भोईगुड्याच्या भंगार गोदामात लागलेल्या आगीत ११ मजूर गेले. जानेवारी २०२३मध्ये सिकंदराबादच्या मिनिस्टर रोडवरचं व्यापारी संकुल जळालं, तीन कामगार आत राहिले. ती आग विझवायला खूप तास लागले आणि नंतर धोकादायक झालेली इमारत पाडण्याची कामगिरीही महापालिकेवर आली. नोव्हेंबर २०२३मध्ये नामपल्लीच्या बाजारघाटात निवासी इमारतीत ठेवलेल्या रसायनांनी पेट घेतला, नऊ जण दगावले. ३० जून २०२५ रोजी संगारेड्डी जिल्ह्यातल्या पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून अधिक कामगारांचा बळी गेला. ढिगाऱ्यात शोध घेण्याचं काम कितीतरी दिवस चाललं.

प्रत्येक वेळी क्रम सारखाच असतो. मंत्री येतात, सानुग्रह अनुदान जाहीर होतं, गुन्हा दाखल होतो, समिती नेमली जाते. सानुग्रह अनुदान सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा आपल्याच पैशातून जातं. सिगाचीच्या बाबतीत कंपनीनं मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले, ते योग्यच झालं. पण शोध आणि बचावाच्या खर्चाचं पत्रक लोकांसमोर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

एक विसंगती मला फार खटकते. आग लागलेल्या दुकानाचा मालक विमा कंपनीकडे जातो तेव्हा कंपनी त्याच्याकडे अग्निशमन दलाचा अहवाल आणि पोलीस पंचनामा मागते. दल अहवाल देतं. वर्दी किती वाजता आली, किती गाड्या गेल्या, काय जळालं, हे त्यात असतं. त्या कागदावर मालकाचं नुकसान भरून निघतं. ज्या दलानं तो कागद दिला, त्याच्या स्वतःच्या खर्चाची ओळ मात्र त्या कागदावर नसते. परवानगीशिवाय रसायनं साठवणारा, जिन्यात माल रचणारा, तळघराचं गोदाम करणारा मालक जोखीम शहरावर टाकतो आणि नफा स्वतःकडे ठेवतो. नियम पाळणारा शेजारचा दुकानदार अग्निसुरक्षेवर स्वतः खर्च करतो आणि वर आपल्या करातून बेफिकीर शेजाऱ्याच्या आगीचाही खर्च उचलतो.

समुद्रकिनाऱ्यावरचे तीन अनुभव

या वसुलीचे सर्वांत बोलके अनुभव आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत. ६ जून २००० रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापाशी वाळूत रुतलं. नोटिसा, सुनावण्या, निविदा, नव्या कायद्याखाली सरकारनं घेतलेला ताबा असं करत दहा वर्षांहून अधिक काळ ते गंजत तिथेच राहिलं. किनाऱ्याची धूप झाली, मच्छीमार आणि शॅकवाल्यांनी त्याची झळ सोसली. सुरुवातीलाच जबाबदारी निश्चित झाली नाही की खर्च आणि वर्षं दोन्ही वाढत जातात, हा पहिला अनुभव.

दुसरा मुंबईचा. ४ ऑगस्ट २०११ रोजी सुमारे ६०,००० टन कोळसा घेऊन निघालेलं 'एमव्ही राक' मुंबईपासून जवळपास २० सागरी मैलांवर बुडालं. तेलाचा तवंग किनाऱ्याकडे सरकला, तटरक्षक दल कामाला लागलं. पर्यावरण कार्यकर्ते समीर मेहता हरित लवादात गेले. ऑगस्ट २०१६मध्ये लवादानं जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालक कंपनीला पाच कोटी रुपये भरायला सांगितलं. एका नागरिकानं अर्ज केला म्हणून हे झालं.

तिसरा केरळचा. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' हे ६४० कंटेनर वाहणारं जहाज बुडालं. केरळ सरकारनं उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा सागरी दावा लावला आणि त्याच कंपनीशी संबंधित, विळिंजम बंदरात असलेलं दुसरं जहाज अडकवून ठेवण्याचा आदेश मिळवला. न्यायालयानं पुढे तारणाची रक्कम सुमारे १,२२७ कोटींवर आणली. मागितलेला आकडा आणि मान्य झालेला आकडा यांत अंतर राहिलं, तरी वसुलीची हमी राज्याच्या हाती आली, कारण हालचाल आठवड्यांत झाली होती. कांदोळीत दशक लागलं, मुंबईत पाच वर्षं, केरळात काही आठवडे. तिन्ही ठिकाणी समुद्र तोच होता, फरक पडला सरकारच्या तत्परतेनं.

वेळ चुकली की काय होतं, हे भोपाळनं शिकवलं आहे. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मदत आणि पुनर्वसनावरचा खर्च वाढत गेला. डिसेंबर २०१०मध्ये केंद्रानं ७,८०० कोटींहून अधिक रकमेची जादा मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. १४ मार्च २०२३ रोजी घटनापीठानं ती याचिका फेटाळली. दोन दशकांनी तडजोड उकरता येत नाही. याउलट विशाखापट्टणममध्ये ७ मे २०२०च्या स्टायरीन गळतीनंतर दुसऱ्याच दिवशी हरित लवादानं कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला सांगितलं. तेव्हा लोक अजून घरी परतलेही नव्हते.

बिल कोणाला द्यायचं नाही

या मार्गात एक मोठा धोका आहे आणि तो नीट ओळखला पाहिजे. वसुलीचा अधिकार हाती आला की नगरपालिका सर्वांत सोप्या माणसाकडे वळेल. झोपडीत चूल उलटली, पुरात घर बुडालं, मुलगा तलावात पडला, अशा कुटुंबाच्या दारात बिल गेलं तर तो अन्याय आहे. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी शेजारी १०१ फिरवण्याआधी विचार करतील. त्या दोन मिनिटांच्या संकोचात माणसं मरतील. फ्लॅगस्टाफच्या निकालात जे खरं आहे ते इथे जपलं पाहिजे.

निसर्गाच्या कोपाचा खर्च समाजानंच उचलायचा. २८ सप्टेंबर १९०८च्या मुसी नदीच्या महापुरात हैदराबादेत सुमारे १५,००० माणसं गेली. काचीगुड्याजवळचं चादरघाटही त्या प्रलयानं झोडपलं. राज्यानं मदत केली आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्यानं पूरनियंत्रणाची आखणी केली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय त्यातून उभे राहिले. तिथे बिल लावायला कोणी नव्हतं, आणि करातून उभारलेला पैसा असाच खर्च व्हायला हवा.

मधली प्रकरणं अवघड आहेत. जून २०१७मध्ये चेवेल्लाजवळच्या इक्कारेड्डीगुड्यात एक तान्ही मुलगी उघड्या बोअरवेलमध्ये पडली. दोन दिवसांहून अधिक काळ यंत्रणा राबल्या, ती वाचली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच उघड्या बोअरवेलसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. मध्य प्रदेशनं २०२४ साली या विषयावर स्वतंत्र कायदा केला आणि बचावाचा खर्च जमीनमालक व खोदणाऱ्या एजन्सीकडून वसूल करण्याची तरतूद ठेवली. दिशा बरोबर आहे. पण जमीनमालक हा दोन एकरांचा कर्जबाजारी शेतकरी असेल आणि रिगवाला शेकडो बोअर मारणारा व्यावसायिक, तर भार समान वाटणं हा न्याय नव्हे. म्हणून निकष तीन असावेत. धोका व्यवसायातून निर्माण झाला का? नियम मोडला हे सिद्ध झालं का? आणि ज्याच्याकडून वसुली करायची तो त्या धोक्यातून कमावत होता का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तरच बिल.

काय करावं लागेल

पहिली गरज नोंदीची. महापालिका, अग्निशमन दल आणि आपत्ती पथकानं प्रत्येक मोठ्या घटनेचं खर्चपत्रक तयार करावं. वाहन किती तास, माणसं किती, फोम किती, भाड्यानं आणलेली क्रेन किती, छावणीत किती ताटं, हे तिथल्या तिथे लिहावं. कायदा हातात असला तरी आकडा नसेल तर वसुली होत नाही.

दुसरी गरज मुदतीची. गुन्हा दाखल होतो तेव्हाच खर्चाची मागणी नोंदवावी, कंपनीच्या विमा कंपनीलाही तिची प्रत जावी. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम १९९१नं घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला. त्यातली मृत्यूची तातडीची मदत तीन दशकं २५,००० रुपयांवर अडकली होती. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पुढच्या दुरुस्तीत स्थानिक संस्थांच्या बचावखर्चालाही जागा मिळावी.

तिसरी गरज, वसूल झालेला पैसा जिथून गेला तिथेच परत यावा. तो सर्वसाधारण जमेत मिसळला तर अधिकाऱ्याला पाठपुरावा करण्यात रस राहणार नाही. त्यातून पथकांचे नवे श्वसनसंच, कटर आणि जवानांचा विमा व्हावा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटात साठाहून अधिक अग्निशामकांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळतो. जवानांच्या जिवाची किंमत कोणत्याही पत्रकात मांडता येणार नाही. त्यांना दिलेल्या साधनांची मात्र मांडता येते, आणि मांडलीच पाहिजे.

चौथी गोष्ट सरकारी संस्थांची. रेल्वे, वीज मंडळ, बंदर यांच्या चुकीतून शहराला धावावं लागलं तर त्यांनीही खर्च परत करावा. एका सरकारी खिशातून दुसऱ्यात पैसा गेला तर काय साधलं, असा आक्षेप येईल. साधतं ते हे, की चुकीची किंमत चूक करणाऱ्या विभागाच्या अर्थसंकल्पात दिसू लागते आणि सुरक्षेवर आधीच खर्च करणं त्याला स्वस्त वाटू लागतं. केंद्र, राज्य आणि महापालिका या तिघांत महापालिकेचा खिसा तर सर्वांत लहान आहे.

संकटात सापडलेल्याकडे कोणी पैसे मागू नयेत, आणि संकट ओढवणाऱ्यानं ते दिल्याशिवाय सुटू नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येतात. त्यासाठी नवं तत्त्वज्ञान लागत नाही, लागतो तो दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी कागद हाती घेऊन बसणारा अधिकारी आणि तो कागद मागणारे नागरिक. आपल्या नगरसेवकाला पुढच्या आगीनंतर एवढंच विचारा, खर्च किती झाला आणि मागितला कोणाकडे?